मालदीवची पहिली लिव्हअबोर्ड सफर: बोट ठरवण्याआधी काय करायचं आणि नंतर काय

लिव्हअबोर्ड म्हणजे आठवडाभर बोटीवरच मुक्काम. तिथेच झोपायचं, तिथेच जेवायचं, आणि दिवसातून तीनदा पाण्यात उतरायचं. रोज किनाऱ्यावर परतायचं नसल्यामुळे बोट एका प्रवाळकड्यावरून दुसऱ्याकडे जात राहते आणि रिसॉर्टवरून कधीच गाठता येणार नाहीत अशा जागी आपण सकाळी सहाला पोचलेलो असतो. मुंबईहून थेट विमानाने तीन तासांच्या आत माले गाठता येतं, म्हणून आपल्याकडच्या बहुतेकांची पहिली लिव्हअबोर्ड मालदीवचीच असते. माझीही तीच होती.

त्या पहिल्या सफरीची तयारी मी उलट्या क्रमाने केली. आधी बोटीचे फोटो पाहिले, मग केबिन, मग विमान, आणि शेवटी स्वतःच्या डायव्हिंगचा विचार. माझ्या लॉगबुकात, म्हणजे डाइव्हच्या नोंदवहीत, तेव्हा ११ डाइव्ह होते आणि शेवटच्याला वर्ष उलटून गेलं होतं. दुसऱ्याच दिवशी एका खाडीच्या तोंडाशी जोराची ओढ होती. मी पाय मारत राहिले, जोरजोरात श्वास घेत राहिले, आणि २२ मिनिटांत २०० बारची (बार म्हणजे हवेचा दाब मोजायचं माप) टाकी ७० वर आली. गाइडला आमची जोडी वर पाठवावी लागली. माझ्या जोडीदाराच्या टाकीत अर्ध्याहून जास्त हवा होती, पण माझ्यामुळे तिचाही डाइव्ह संपला. हे टाळता आलं असतं. म्हणून खालचा क्रम मुद्दाम असा लावला आहे: आधी तुमची तयारी, मग मोसम, मग बोट.

१. आधी स्वतःची तयारी

मालवणला किंवा गोव्यात ग्रँड आयलंडला केलेला ‘स्कुबा’ म्हणजे प्रशिक्षक मागून टाकी धरून फिरवून आणतो तो अनुभव. छान असतो, पण त्याला सर्टिफिकेशन म्हणत नाहीत आणि त्यावर कुठलीही लिव्हअबोर्ड तुम्हाला घेणार नाही. अनेक जण इथेच फसतात, कारण मालवणलाही हातात एक छापील प्रमाणपत्र दिलं जातं.

लागतं ते असं. पहिला ओपन वॉटर कोर्स, साधारण तीन-चार दिवसांचा, ज्यावर १८ मीटरपर्यंत जाता येतं. त्यानंतर अ‍ॅडव्हान्स्ड ओपन वॉटर, ज्यावर ३० मीटरपर्यंत जाता येतं. मालदीवच्या चांगल्या जागा बहुतेक १५ ते ३० मीटरांत आहेत, त्यामुळे अ‍ॅडव्हान्स्ड शिवाय निम्मे डाइव्ह हुकतात. पाडी किंवा एसएसआय, दोन्ही संस्थांची सर्टिफिकेशनं चालतात. कोर्स अंदमानात स्वराज द्वीपवर करा, पुदुच्चेरीत करा, मुरुडेश्वरजवळ नेत्राणीला करा. तारकर्लीला एमटीडीसीची स्कुबा प्रशिक्षण संस्था आहे, तिथेही चौकशी करा. एक लक्षात ठेवा, पावसाळ्यात मालवण-तारकर्लीचं पाणी डायव्हिंगला बंद असतं. जानेवारीत मालदीवला जायचं असेल तर सराव ऑक्टोबर ते डिसेंबरमध्येच उरकावा लागतो.

किती डाइव्ह हवेत? बऱ्याच बोटी ३० ते ५० मागतात. माझं मत, मध्य मालदीवच्या मार्गासाठी ३० तरी असावेत आणि त्यातले चार-पाच गेल्या सहा महिन्यांतले असावेत. आकड्यापेक्षा दोन गोष्टी अंगवळणी पडायला हव्यात.

पहिली, बॉयन्सी. हात न हलवता, पाय न मारता, श्वासावर एका जागी तरंगत राहता आलं पाहिजे. हे जमलं की हवा आपोआप जास्त पुरते आणि तुमच्या फिनने कुणाचं पोवळं मोडत नाही. पुण्या-मुंबईत काही डायव्ह सेंटर जलतरण तलावात सराव करून देतात. जायच्या आधी दोन संध्याकाळी तिथे घालवा.

दुसरी, एसएमबी सोडणं. एसएमबी म्हणजे दोरीच्या टोकाला असलेला नारिंगी फुगा. डाइव्ह संपताना ५ मीटरवर तीन मिनिटं थांबतो तेव्हा तो वर सोडायचा, म्हणजे बोटीला आपण दिसतो. ओढीच्या पाण्यात उतरलो तिथेच आपण कधी वर येत नाही, त्यामुळे हा फुगा म्हणजे आपला पत्ता. दोरी बोटात अडकवून ठेवायची नाही. फुगा वर निघाला की दोरी हातात नुसती सुटत राहिली पाहिजे, नाहीतर त्याच्याबरोबर तुम्हीही वर ओढले जाता.

नायट्रॉक्सचा, म्हणजे जास्त प्राणवायू असलेल्या हवेचा, कोर्सही करून घ्या, एका दिवसात होतो. ३२ टक्के प्राणवायूच्या हवेत शरीरात नायट्रोजन कमी साठतो, आणि आठवड्यात १५-१८ डाइव्ह करताना त्याचा खरा उपयोग होतो. त्या मिश्रणाची खोलीची मर्यादा साधारण ३३ मीटर आहे. मालदीवमध्ये हौशी डायव्हरना कायद्यानेच ३० मीटरची मर्यादा आहे, त्यामुळे ती आड येत नाही.

२. मोसम आणि मार्ग

मालदीवचा मोसम आपल्याला चटकन कळतो, कारण जो नैऋत्य वारा जूनमध्ये कोकणात पाऊस आणतो तोच तिथे मे महिन्यापासून वाहत असतो. तिथली माणसं त्याला हुळंगू म्हणतात, आणि डिसेंबर-जानेवारीपासून एप्रिलपर्यंतच्या ईशान्य वाऱ्याला इरुवै.

इरुवैत समुद्र शांत, आकाश मोकळं आणि पाणी पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहतं. महासागराचं स्वच्छ पाणी पूर्वेच्या खाड्यांतून आत शिरतं, म्हणून तिथे शार्क बघायला सगळ्यात चांगली दृश्यता मिळते. प्लवक पश्चिमेला साचतं, आणि मांटा, म्हणजे पंखांसारखे पसरट मोठे मासे, ते खायला पश्चिमेच्या कडांवर जमतात. हुळंगूत हे सगळं उलटं होतं, मांटा पूर्वेला येतात, आणि वारा-पाऊस असल्याने बोट हलते. पहिल्या सफरीसाठी जानेवारी ते एप्रिल. बोटी स्वस्त असतात म्हणून जून-जुलैत पहिल्यांदा जाऊ नका. ज्यांना बोट लागते त्यांचे तर पैसे वायाच जातात.

बा अटॉलमधल्या (अटॉल म्हणजे कंकणाकृती प्रवाळबेटांचा समूह) हनीफारू उपसागराचे व्हिडिओ पाहून अनेक जण तिथे टाकी लावून उतरायला मिळेल या आशेने जातात. तिथे स्कुबाला बंदी आहे, फक्त स्नॉर्कलिंग करता येतं, आणि मांटा जमतात ते साधारण मे ते नोव्हेंबरात. जानेवारीच्या बोटीवर हनीफारूचा हट्ट धरू नका.

मार्गाचं नाव ‘सेंट्रल अटॉल्स’ किंवा ‘बेस्ट ऑफ मालदीव्ज’ असं काहीतरी असेल: उत्तर माले, दक्षिण माले, वावू, अरी. नवख्यांसाठी हाच. अगदी दक्षिणेचे मार्ग, फुवामुलाचे टायगर शार्क, हे दुसऱ्या-तिसऱ्या सफरीसाठी ठेवा. तिथे देशांतर्गत विमानही लागतं आणि अनुभवही.

डायव्ह साइटच्या नावांत दिवेही भाषेतले तीन शब्द सारखे येतात, ते आधीच समजून घ्या. ‘कंडू’ म्हणजे अटॉलच्या कड्यातली खाडी, जिथून समुद्राचं पाणी आत-बाहेर करतं. इथे ओढ सगळ्यात जास्त. ‘थिला’ म्हणजे पाण्याखाली बुडालेला खडकाचा सुळका, माथा काही मीटर खोल. ‘गिरी’ म्हणजे जवळजवळ पृष्ठभागापर्यंत आलेला छोटा कडा, सगळ्यात सोपा. पहिल्या दिवसाचा चेक डाइव्ह, म्हणजे गाइड तुमची तयारी बघतो तो, बहुधा गिरीवर किंवा आतल्या शांत कड्यावर असतो. अटॉल हा शब्दसुद्धा दिवेहीतल्या ‘अतोळु’वरूनच जगभर गेला.

पोवळ्यांबद्दल खरं सांगते. १९९८ आणि २०१६ साली समुद्र तापून मालदीवची उथळ पोवळी मोठ्या प्रमाणात पांढरी पडून मेली. काही ठिकाणी परत वाढताहेत, काही ठिकाणी अजून नुसता चुरा दिसतो. रंगीत बागेची अपेक्षा ठेवून गेलात तर पहिल्या दिवशी मन खट्टू होईल. थिलांच्या कडांखालच्या कपारींत मात्र निळी-पिवळी मऊ पोवळी अजून लगडलेली आहेत, टॉर्च लावल्याशिवाय त्यांचे रंग उमटत नाहीत. मोठे मासे भरपूर आहेत. २०१० साली मालदीवने शार्क पकडायला पूर्ण बंदी केली, त्याचं फळ प्रत्येक खाडीत दिसतं.

३. बोट निवडताना काय विचारायचं

सात रात्रींच्या मध्यम बोटीला माणशी साधारण १५०० ते २५०० डॉलर पडतात. त्यात जेवण, पाणी, दिवसाचे तीन डाइव्ह धरलेले असतात. ग्रीन टॅक्स पुष्कळदा वेगळा असतो. २०२५ पासून सफारी बोटींना तो माणशी रोज १२ डॉलर आहे, म्हणजे सात रात्रींचे ८४. नायट्रॉक्स, भाड्याचं सामान, कर्मचाऱ्यांची टिप आणि एकट्याला स्वतंत्र केबिन हवी असल्यास जादा पैसे, हे सगळं लिहून मागा. भारतातल्या एजंटकडून पॅकेज घेतलंत तर टीसीएस, म्हणजे आगाऊ घेतलेला कर, कापला जातो, त्याची पावती प्राप्तिकर विवरणपत्रासाठी जपून ठेवा.

एकट्या जाणाऱ्या बाईने केबिनची जोडीदार बाईच असेल हे ईमेलवर लेखी घ्यावं. ‘शक्यतो’ हा शब्द उत्तरात आला तर परत विचारा.

शाकाहारी असाल तर तेही आधीच कळवा. बोटीवर डाळ-भात, भाज्या मिळतात, पण मालदीवचं जेवण टूना माशाभोवती फिरतं. न्याहारीची मासहुनी म्हणजे खवलेलं ओलं खोबरं, बारीक कांदा, मिरची, लिंबू आणि कुसकरलेला टूना, सोबत पोळीसारखी रोशी. कोकणातल्या माणसाला पहिल्या घासाला घरी आल्यासारखं वाटतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, सुरक्षितता. २०१९ च्या सप्टेंबरात कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ कन्सेप्शन या डायव्ह बोटीला पहाटे आग लागली आणि खालच्या मजल्यावर झोपलेले ३३ प्रवासी आणि एक कर्मचारी असे ३४ जण गेले. रात्री फेरी मारून लक्ष ठेवणारं कुणी जागं नव्हतं, असं तपासात निघालं. तेव्हापासून मी बुकिंगआधी चार प्रश्न विचारते. रात्री पहाऱ्याला कोण जागं असतं? खालच्या केबिनमधून बाहेर पडायला दुसरी वाट आहे का आणि ती कुलूप न लावता उघडी असते का? कॅमेरा-टॉर्चच्या बॅटऱ्या कुठे चार्ज करायच्या? बोटीवर आणि धोनीवर, म्हणजे मागून चालणाऱ्या डायव्हिंगच्या बोटीवर, ऑक्सिजनची किट आहे का? ज्या बोटीने उत्तर टाळलं तिथे मी पैसे भरले नाहीत. बोटीवर चढल्यावर पहिल्याच संध्याकाळी ती दुसरी वाट स्वतः चालून बघा, उघडून बघा.

मालदीवचं एक वेगळेपण म्हणजे धोनी. मोठ्या बोटीमागे ही दुसरी लाकडी बोट चालते. टाक्या, कॉम्प्रेसर, तुमचं सगळं सामान तिच्यावरच असतं आणि उड्याही तिच्यावरूनच मारायच्या असतात. त्यामुळे मोठ्या बोटीवर कॉम्प्रेसरचा आवाज नसतो, वास नसतो. धोनीला सावली आणि शिडी कशी आहे ते फोटोत बघून घ्या.

४. कागदपत्रं

पासपोर्ट, निदान सहा महिन्यांची मुदत शिल्लक असलेला. भारतीयांना व्हिसा तिथे उतरल्यावर फुकट मिळतो, पण परतीचं तिकीट आणि बोटीच्या बुकिंगचं पत्र दाखवावं लागतं, दोन्ही छापून ठेवा.

इमुगा हा ऑनलाइन प्रवासी फॉर्म, विमानाआधीच्या ९६ तासांत भरायचा. जातानाही आणि येतानाही. सरकारी संकेतस्थळावर तो फुकट आहे. शोधताना पैसे मागणारी हुबेहूब पानं वर येतात, त्यांच्या नादी लागू नका.

सर्टिफिकेशन कार्डं, लॉगबुक, नायट्रॉक्स कार्ड. फोनमध्ये फोटोही काढून ठेवा, बोटीवर नेटची खात्री नसते.

वैद्यकीय फॉर्म. बोट आठवडाभर आधी प्रश्नावली पाठवते. दमा, हृदयविकार, फिट्स, कानाची शस्त्रक्रिया यांपैकी कशालाही ‘हो’ असेल तर डॉक्टरची सही लागते. खोटं ‘नाही’ लिहू नका. नेहमीची औषधं असतील तर चिठ्ठीसकट न्या.

विमा. नेहमीच्या प्रवास विम्यात स्कुबा बहुधा वगळलेलं असतं, किंवा खोलीची मर्यादा बारीक अक्षरांत लिहिलेली असते. डॅनसारख्या डायव्हिंगच्याच संस्थेचा विमा घ्या. डीकॉम्प्रेशनचा त्रास, म्हणजे वर येताना शरीरात साठलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होणं, झाला तर दाबकक्षात उपचार लागतात, मालेजवळ बांदोस बेटावर तशी सोय आहे, पण तिथवर नेण्याचा आणि उपचारांचा खर्च आपल्याला झेपणारा नसतो.

सामानात काय नको तेही बघा. मालदीवमध्ये दारू, डुकराचं मांस, ई-सिगारेट नेता येत नाही, आणि पूजेच्या मूर्तीही आणू देत नाहीत. आपल्याकडे आई किंवा सासूबाई निघताना बॅगेत छोटा गणपती हळूच ठेवतात. त्यांना आधीच समजावून सांगा. विमानतळावर मूर्ती काढून ठेवावी लागली की सफरीचा पहिला तास रडवेला जातो.

५. सामान

स्वतःचं घ्याच असं तीन वस्तूंबद्दल सांगेन: मास्क, डायव्ह कॉम्प्युटर आणि एसएमबी. मास्क चेहऱ्याला बसणारा हवा, दुकानात पट्टा न लावता नाकाने श्वास ओढून बघा, हात सोडल्यावरही चिकटून राहिला तर तो तुमचा. कॉम्प्युटर प्रत्येकाचा वेगळा लागतो, जोडीदाराच्या कॉम्प्युटरवर डाइव्ह करायचा नसतो. तो आधी घरी वापरून बघा, नायट्रॉक्सचं मिश्रण कसं बदलायचं ते पाठ करा.

पाणी २७ ते ३० अंश, तीन मिलिमीटरचा वेटसूट पुरतो. तरी चौथ्या-पाचव्या दिवशी शरीर थकतं आणि थंडी वाजते, म्हणून बोटीवर घालायला एक विंडचीटर. रेग्युलेटर (टाकीतली हवा तोंडाशी आणणारं साधन) स्वतःचा असेल तर तो डिन आहे की योक, म्हणजे टाकीला कुठल्या प्रकारे जोडला जातो, ते बोटीला कळवा. रीफ हुक, म्हणजे ओढीत खडकाला अडकवायचा दोरीचा आकडा, बोटीवर मिळतो, पण स्वतःचा असला तर बरं. पॉवर बँक आणि टॉर्चच्या लिथियम बॅटऱ्या हातातल्या बॅगेत.

कॅमेरा पहिल्या सफरीला नेऊ नका. मला हे कुणी सांगितलं असतं तर मी ऐकलं नसतं, तरी सांगते. ओढीत एक हात कॅमेऱ्यात गुंतला की हवेचा काटा बघायचा राहतो.

बोट लागत असेल तर अ‍ॅव्होमिनसारखी गोळी डॉक्टरला विचारून घ्या, पण आधी घरी एकदा घेऊन बघा. काहींना तिने इतकी झोप येते की डाइव्ह करणं धोक्याचं ठरतं.

६. पोचणं

बोट सुटायच्या आदल्या दिवशी पोचा. बोट ठरलेल्या वेळी दुपारी निघते, विमान उशिरा आलं तर मागून स्पीडबोटीने गाठायला बराच खर्च येतो. विमानतळाला रस्त्याने जोडलेल्या हुळुमालेत साधी गेस्टहाउसं आहेत. एक रात्र झोप काढा, कान आणि नाक शांत होऊ द्या. सर्दी असेल तर आधीच कळवा. दडे बसलेल्या कानांनी खाली जायचा प्रयत्न केला तर पडदा दुखावतो आणि पूर्ण आठवडा डेकवर बसून काढावा लागतो.

डॉलरच्या सुट्या, नव्या नोटा जवळ ठेवा.

७. पाण्यात

सकाळी सहाला घंटा, चहा-बिस्किट, ब्रीफिंग. ब्रीफिंगला झोपाळू डोळ्यांनी बसू नका, सगळं तिथेच ठरतं: पाणी आत येतंय की बाहेर जातंय, कुठे हुक लावायचा, किती बारला वर निघायचं.

कंडूचा डाइव्ह कसा असतो ते एकदा मनात बसवून घ्या. धोनी समुद्राच्या बाजूला थांबते. बीसीडीतली (हवा भरून तरंगणं सांभाळायचं जॅकेट) सगळी हवा काढलेली, एक हात मास्क आणि रेग्युलेटरवर. गाइडची हाक आली की सगळ्यांनी एकदम उडी मारायची आणि पृष्ठभागावर न रेंगाळता सरळ खाली जायचं. तरंगत राहिलात तर ओढ तुम्हाला आत अटॉलमध्ये नेते आणि गट हातचा जातो. उडीच्या आधी कान जुळवायला, म्हणजे नाक दाबून हलकेच फुंकून कानातला दाब सारखा करायला, सुरुवात करा, नाहीतर पहिल्या पाच मीटरांतच अडकाल. खाली कड्याच्या ओठाशी पोचलात की हुक मेलेल्या खडकाच्या फटीत घाला, जिवंत पोवळ्यात कधीही नाही. मग बीसीडीत जराशी हवा भरा, म्हणजे पतंगासारखं अंग खडकापासून उचललं जातं. आता शांत व्हा. तोंड ओढीच्या दिशेनेच ठेवा. मान वळवून जोडीदाराकडे बघायला गेलात की मास्क गालावर थरथरायला लागतो आणि रेग्युलेटरमधून हवा सुटू शकते. बुडबुडे वर जायचे सोडून आडवे मागे पळतात. समोर निळ्या पाण्यात आधी काहीच दिसत नाही, आणि मग एक करडा शार्क शेपटी हलवल्याशिवाय तिथेच लटकलेला दिसतो. नजर बसली की त्याच्या मागे आणखी सात-आठ.

मी दुसऱ्या सफरीला हुक लावून अशीच ३५ मिनिटं काढली. पाय एकदाही मारला नाही. वर आले तेव्हा टाकीत ८० बार शिल्लक होते.

रात्रीचा डाइव्ह वावूमध्ये अलिमथाला असतो. जेटीजवळ नर्स शार्क अक्षरशः अंगावरून जातात. वाळूत गुडघे टेकून हात छातीशी धरून बसा, हात पसरून त्यांना लावायला जाऊ नका.

एखादा डाइव्ह सोडावासा वाटला तर सोडा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कान जड होतात, थकवा येतो. रोज शेवटच्या डाइव्हनंतर कान गोड्या पाण्याने धुऊन कोरडे करा.

८. परतीचा दिवस

शेवटचा डाइव्ह आदल्या दिवशी दुपारच्या आतच संपतो, कारण अनेक दिवसांच्या डायव्हिंगनंतर विमानात बसण्याआधी निदान १८ तास जावे लागतात. बोटी २४ तास पाळतात आणि तुम्हीही तेच पाळा. विमान पहाटेचं असेल तर त्याप्रमाणे एक डाइव्ह आणखी कमी करा. तिकीट काढतानाच हे गणित मांडा.

त्या मोकळ्या वेळात मालेत उतरून हुकुरू मिस्किय बघा. १६५८ सालची ही मशीद पोवळ्याच्या दगडात बांधलेली आहे, भिंतींवर लाकडावर करावं इतकं बारीक कोरीवकाम आहे. शिंपले, पोवळ्याचे तुकडे, कासवाच्या पाठीच्या वस्तू विकत घेऊ नका आणि उचलूही नका, सीमाशुल्कात अडकतात.

सामान गोड्या पाण्यात बुडवून धोनीवरच वाळत घाला, बीसीडीच्या आतही पाणी भरून दोनदा हलवून ओता. कर्मचाऱ्यांच्या टिपेचं पाकीट शेवटच्या रात्री द्या, सकाळी गडबडीत राहून जातं. आणि लॉगबुकावर गाइडची सही त्याच रात्री घ्या, प्रत्येक डाइव्हच्या जागेचं नाव, खोली, ओढ आणि उरलेली हवा लिहून. पुढची बोट तेच विचारणार आहे.